पुतळा, शुल्क आणि वाचक

वसाहतोत्तर समीक्षेने ज्ञानाच्या निर्वसाहतीकरणाचा प्रश्न दीर्घकाळ अभ्यासक्रमाचा प्रश्न म्हणूनच मांडला. १९६८ साली नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुर-आन्युम्बा आणि ताबान लो लियाँग यांनी इंग्रजी विभागच रद्द करण्याची सूचना केली. केंद्रस्थानी इंग्लंड असावे की आफ्रिका, हा त्या सूचनेचा गाभा होता. मात्र वर्गात बसलेला वाचक तिने गृहीत धरला होता. तो वर्गापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला.

दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थी-आंदोलनाचे वैचारिक महत्त्व या गृहीतकाला छेद देण्यात आहे. मार्च २०१५ मध्ये केप टाउन विद्यापीठातील सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्यावर विष्ठा फेकली गेली आणि ९ एप्रिलला तो हलवण्यात आला. ऑक्टोबरमध्ये जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाने साडेदहा टक्के शुल्कवाढ जाहीर करताच दुसरे आंदोलन पेटले आणि देशभर पसरले. २३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना पुढील वर्षाची वाढ शून्यावर आणावी लागली.

‘ऱ्होड्स मस्ट फॉल’ आणि ‘फीज मस्ट फॉल’ या दोन घोषणांत क्रियापद एकच आहे. पुतळा पडतो तो दृश्य अर्थाने, शुल्क पडते ते आकड्याच्या अर्थाने. एका क्रियापदाने या दोहोंना एकाच चिन्हव्यवस्थेत आणले. पुतळा ही स्मृतीची व्यवस्था, तर शुल्क ही प्रवेशाची. विद्यापीठाची जमीन ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातून आलेली असल्याने तेथे स्मृती आणि मालमत्ता मुळातच एकमेकींत गुंतलेल्या होत्या. वाचककेंद्री समीक्षा ज्याला अभिप्रेत वाचक म्हणते, त्याची सांस्कृतिक सज्जता ती तपासते. त्याच्या प्रवेशाची किंमत विचारत नाही. या घोषणांनी ती विचारली.

अर्थात, या संहितेत अंतर्विरोध आहेत. पहिला भाषेचा. न्गुगींच्या १९८६ च्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ या ग्रंथाचा आग्रह आफ्रिकी भाषांकडे परतण्याचा होता. परंतु २०१५ मध्ये स्टेलेनबॉशच्या विद्यार्थ्यांनी आफ्रिकान्सच्या वर्चस्वाविरुद्ध मागितली ती इंग्रजी. १९७६ च्या सोवेटोतील उठावातही आफ्रिकान्स माध्यमाची सक्ती हेच निमित्त होते. जेत्याची एक भाषा दुसऱ्या जेत्याच्या भाषेविरुद्ध प्रवेशाचे साधन बनते, तेव्हा स्वभाषा आणि परभाषा हे द्वंद्व अपुरे ठरते. भाषेचे मूल्य तिच्या उगमावरून ठरवायचे की तिने कोणासाठी दार उघडले यावरून, हा पेच मराठीतील देशीवादाच्या चर्चेलाही टाळता येणार नाही. तथापि, इंग्रजीने दार उघडले म्हणून झुलू वा खोसा भाषांच्या ज्ञानव्यवहाराचा प्रश्न निकालात निघत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो.

दुसरा अंतर्विरोध चिन्हाचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये केप टाउन विद्यापीठात निवासाच्या प्रश्नावरील आंदोलनात भिंतींवरील चित्रे काढून जाळण्यात आली. त्यांत एका कृष्णवर्णीय चित्रकाराच्याही कृती होत्या. पुतळा हलवण्यात चिन्हाचे वाचन होते. त्याचा अर्थ काय आणि तो कोणाला खुपतो, याचा विचार त्यामागे होता. आगीत ते वाचन संपले. भिंतीवर जे जे आहे ते सत्तेचेच, असे मानणे म्हणजे सत्तेने स्वतःविषयी सांगितलेली कथा खरी धरणे होय.

१६ डिसेंबर २०१७ रोजी साडेतीन लाख रँडपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी मोफत उच्च शिक्षणाची घोषणा झाली. ही उपलब्धी लहान नाही. पण त्या मर्यादेच्या किंचित वर असलेले आणि तरीही शुल्क न परवडणारे विद्यार्थी तिच्याबाहेर राहिले. शिवाय शुल्काचा प्रश्न अर्थसंकल्पात मांडता येतो, ज्ञानाचा येत नाही. त्यामुळे पहिल्या मागणीला आकडा मिळाला आणि दुसरीच्या वाट्याला समित्या व चर्चासत्रे आली. घोषणेने जोडलेले दोन प्रश्न शासनाच्या व्यवहारात पुन्हा वेगळे झाले.

समीक्षेचे काम या विभागणीपाशी सुरू होते. अभ्यासक्रमातील ग्रंथ बदलणे आवश्यक आहे, परंतु बदललेला ग्रंथ कोणासमोर उघडला जाणार, हे विचारल्याशिवाय निर्वसाहतीकरण ही प्राध्यापकांची आपापसातील देवघेव ठरते. आणि वाचक आत आला तरी त्याच्यासमोर जुनाच ग्रंथ, जुन्याच रीतीने ठेवला, तर त्याला मिळालेला प्रवेश हा पाहुण्याचा प्रवेश असतो.