वजाबाकीतले मृत्यू

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे दगावली, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकाने कोणता आकडा सांगावा? एका पुस्तकात साठ लाख सापडतात, दुसऱ्यात पावणेदोन कोटी, तिसऱ्यात १ कोटी ३९ लाख. आकडे जुळत नाहीत याबद्दल आमची तक्रार नाही. कोणीतरी दारोदार जाऊन मोजदाद केली असावी अशा थाटात ते छापले जातात, याबद्दल मात्र आहे. यातला एकही आकडा मोजलेला नाही. सगळे वजाबाकीतून आलेले आहेत, आणि कशातून काय वजा केले हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

साठ लाखांचा अंदाज सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९ च्या प्राथमिक अहवालातला. त्या काळी खेड्यातला मृत्यू गावचा पाटील नोंदवी. कारणासाठी रकाने ठराविक : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, इतर. इन्फ्लुएन्झाचा रकानाच नव्हता, आणि मृत्यू बहुतेक ‘तापा’त गेले. (माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा केला गेला तो १९३३ साली. तेव्हा १९१८ मध्ये कसोटी लावून निदान करणे कोणालाच शक्य नव्हते.) मग नेहमीच्या वर्षांत त्याच महिन्यांत जितके मरतात त्याहून जास्त मेले ते साथीचे, असे धरावे लागले. ही युक्ती जुनीच आहे. लंडनमध्ये विल्यम फार यांनी १८४७ च्या साथीला हाच हिशेब लावला होता. पण लंडनला नोंदणी शाबूत होती. आपल्याकडे नोंदणी आधीच अपुरी, आणि नेमक्या साथीच्या आठवड्यांत ती ठिकठिकाणी कोलमडली. म्हणजे मृत्यू सर्वांत जास्त तेव्हाच नोंद सर्वांत कमी! त्यामुळे साठ लाख हा आकडा कमी असणार, हे उघड आहे.

किंग्झ्ली डेव्हिस यांनी १९५१ साली जनगणनेची वाट धरली. १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या वाढायला हवी होती. आजच्या भारताच्या भूभागात ती २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर आली. अपेक्षित लोकसंख्येतून प्रत्यक्ष वजा केली की तूट मिळते, आणि तिच्यावरून त्यांचा अंदाज पावणेदोन कोटींच्याही वर गेला. १९८६ मध्ये मिल्स यांनी मुंबई इलाख्याची आकडेवारी बारकाईने तपासून देशासाठी १.७ ते १.८ कोटी हा अंदाज मांडला. चंद्रा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जिल्हावार जनगणना घेऊन तो १.३९ कोटींवर आणला. आम्हांला या तिघांत चंद्रांचे काम अधिक सावध वाटते. तरीही जनगणनेतली तूट म्हणजे केवळ मृत्यू नव्हेत. १९१९ मध्ये जन्म एकदम घटले. जी मुले जन्मलीच नाहीत तीही या तुटीत येतात. १९१८ चा पाऊस फसला होता. उपासमारीने गेलेलेही त्यातच.

चंद्रांचा आकडा ब्रिटिश अमलाखालील प्रदेशापुरता आहे, ही गोष्ट तो उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९१८ मध्ये मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि शेजारचे कुडाळ सावंतवाडी संस्थानात. मालवणातला मृत्यू या हिशेबात येतो, कुडाळातला येत नाही. ‘भारतातले मृत्यू’ म्हणून हा आकडा छापणाऱ्याने अख्खे संस्थान गाळले, आणि अशी संस्थाने शेकड्यांनी होती.

मालवण किनाऱ्यावरची दुसरी अडचण चाकरमान्यांची. १९२१ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत होती, त्यांतली कितीतरी गिरण्यांत. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. गिरणीतला माणूस चाळीत गेला तर तो मुंबईच्या यादीत. आगबोटीने घर गाठून गेला तर रत्नागिरीच्या, तीही पाटलाने लिहिले तर. त्याच मुंबईत, तेव्हाच्या अहवालाने ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले त्यांच्यात या साथीचे मृत्यू हजारी ६१.६ होते, युरोपियनांत ८.३. एकच सरासरी सांगून मोकळे होणाऱ्या लेखकाला या दोन आकड्यांबद्दल काय म्हणायचे आहे, हे विचारायला हवे.

आता दरवर्षीच्या फ्लूकडे वळू. २००९ मध्ये एच१एन१ चा नवा प्रकार आला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजार. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सुमारे २ लाख ८४ हजार. दोन्ही ‘२००९ च्या फ्लूचे मृत्यू’ म्हणूनच छापले जातात. त्या वर्षीचे सुमारे ८० टक्के मृत्यू ६५ वर्षांखालील होते. एच३एन२ ची वर्षे वृद्धांना जड जातात. विषाणू रूप बदलतो तसे मरणाऱ्यांचे वयही बदलते; म्हणून एका वर्षाची सरासरी दुसऱ्या वर्षाला लावू नये. तरुण बाहेरगावी आणि म्हातारी माणसे घरी, अशा आपल्या किनाऱ्यावर तर नाहीच.

अमेरिकेत सर्फलिंग यांनी १९६३ मध्ये हिवाळ्यासाठी आधाररेषेची पद्धत बसवून दिली. तिथे फ्लूचा उंचवटा थंडीत दिसतो. कोकणात फ्लू पावसात येतो, आणि त्याच पावसात हिवताप, डेंगी, लेप्टोही. उंचवटा कोणाचा, हे रेषा सांगत नाही. म्हणून नव्या अभ्यासांत आठवड्याला तपासलेल्या नमुन्यांपैकी किती फ्लूचे निघाले, तेही गणितात घेतात. २०१०-१३ या वर्षांसाठी भारतीय संशोधकांनी असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध केला : वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार, मर्यादा ६४ हजार ते १ लाख ९० हजार. वृत्तात पहिला आकडा येतो, मर्यादा गळते.

ती मर्यादा किती बोलकी आहे, हे वर्गात करून पाहता येईल. १२० कोटींत १ लाख २७ हजार, तर सिंधुदुर्गाच्या साडेआठ लाखांत (२०११) सुमारे ९०. मर्यादा ४५ ते १३५. मृत्युदर हजारी ८ धरला तर जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २,२७० मृत्यू. एवढ्या संख्येत निव्वळ योगायोगाचा चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ४८. फ्लूचे सगळे मृत्यू त्याच चार महिन्यांत पडले असे मानले तरी ९० जेमतेम दिसतील, ४५ दिसणारच नाहीत. दोन हजार वस्तीच्या गावात हिशेब पाच वर्षांत एका मृत्यूवर येतो. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्क्यांचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. तेव्हा त्या गावचा तो एक माणूस ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात ‘हृदयविकार’, ‘वृद्धापकाळ’ किंवा अजूनही नुसता ‘ताप’ असाच लिहिलेला असेल.