ख्रिस्तपुराणातील प्रार्थना आणि तिचे उत्तर

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. बांदेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातून आम्ही वर्गात शिकवितो काय, तर मराठीच्या स्तुतीच्या त्या चार-पाच ओव्या! जणू पाद्रीबोवांनी एवढा खटाटोप आमच्या भाषाभिमानास प्रशस्तिपत्र देण्यासाठीच केला होता.

आमच्या मते या ग्रंथाचा खरा कस प्रार्थनेच्या प्रसंगी लागतो. पुराण म्हटले की भक्ताने आळवावे, देवाने प्रसन्न व्हावे आणि वर द्यावा, हा क्रम आलाच. ज्ञानदेवांच्या पसायदानातही मागणे संपताच विश्वेश्वराचा होकार मिळतो आणि मागणारा सुखी होतो. सासष्टीतील ज्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी स्टीफन्स लिहीत होते, त्यांचे कान याच क्रमाला सरावलेले होते. बायबलातील पुष्कळ कथा त्यात सहज बसतात. निपुत्रिक हन्ना रडून मागते, तिला शमुवेल होतो. वृद्ध जखऱ्याला देवदूत सांगतो की तुझी विनंती ऐकली गेली आहे.

परंतु गेथशेमनेच्या बागेत हा साचा मोडतो. येथे मागणारा स्वतः देवपुत्र आहे. हा प्याला टळावा, मात्र माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे तो विनवितो. मत्तयाच्या वृत्तान्तात तीन वेळा. प्याला टळत नाही. लूक सांगतो की देवदूत आला, तो बळ देण्यासाठी. सुटका करण्यासाठी नव्हे. शिष्य तर झोपलेलेच आहेत. आणि तरी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता म्हणतो की, मरणातून तारण्यास समर्थ असलेल्याने त्याचे ऐकले! 'ऐकले' या शब्दाचा येथे अर्थ काय? कोणी तो पुनरुत्थानात पाहतात, कोणी भयावरील जयात. पौलाच्या शरीरातील काट्याविषयीही तेच. त्याने तीनदा विनविले, काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर आले.

हे उत्तर म्हणजे वर नव्हे. म्हणून त्याला पुराणाच्या भाषेत तयार शब्द सापडत नाही आणि ओवीची चालही येथे अडचणीची ठरते. ती थांबत नाही. शंका निघाली की निरसन हवे, ही पुराणिकाची रीत. शुभवर्तमानाचे मौन तिला पेलणे कठीण. या ठिकाणी स्टीफन्स धर्मोपदेशकाच्या सावधपणाने बोलतात, कवीच्या नव्हे, असे आम्हांस वाटते. पण हा उणेपणा त्यांच्या मराठीवरील प्रभुत्वाचा मानू नये. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने ओवी आपलीशी केली होती. अवघड होते ते त्या ओवीकडून देवाचा नकार वदविणे.

तेव्हा पुढील वर्षी स्तुतीच्या ओव्यांबरोबर बागेतील प्रार्थनाही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि शेजारी पसायदान. त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना आम्हां शिक्षकांचीच तारांबळ उडेल. ती उडू द्यावी.