दृष्टीआडचा प्रियकर : ‘स्केर्त्सो’ या विज्ञानश्रुतिकेचा विचार

मराठी विज्ञानकथेचा प्रवास प्रामुख्याने कल्पनेच्या बाजूने झाला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तेव्हापासून विज्ञानातील एखादे सूत्र वाचकाला उलगडून दाखविणे हे या साहित्यप्रकाराचे बलस्थान राहिले. पात्राच्या मनातील गुंता तेथे बहुधा दुय्यम ठरतो. याउलट आपली श्रुतिका घरात रमली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ असो, वा विविध भारतीचा ‘हवामहल’, ज्या सेवेचे कार्यक्रम बोरीवलीच्या गोराई रस्त्यावरील केंद्रात वर्षानुवर्षे तयार होत आले. श्रोत्याला तेथे ओळखीची माणसे भेटत. विज्ञानकल्पना आणि श्रुतिका यांचा संगम एका व्यथित नायकाच्या प्रेमकथेत झाला, तर काय घडू शकते, हे पाहण्यासाठी ‘स्केर्त्सो’ या ब्रिटिश ध्वनिनाट्याकडे वळणे उपयुक्त ठरेल.

रॉबर्ट शिअरमन यांचे हे चार भागांचे नाट्य ‘बिग फिनिश’ या संस्थेने डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध केले. दिग्दर्शक गॅरी रसेल. ‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रवाणी मालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९८९ साली थांबली. १९९६ मधील एक दूरचित्रपट वगळता ती २००५ पर्यंत परतली नाही. त्या मधल्या काळात १९९९ पासून तिचा नायक मुख्यतः ध्वनिमुद्रिकांतून जगला. त्या दूरचित्रपटातील नट पॉल मॅकगॅन येथे डॉक्टर आहेत, आणि इंडिया फिशर या चार्ली पोलार्ड. संपूर्ण नाट्यात नट एवढे दोनच.

पूर्वकथा थोडक्यात सांगणे भाग आहे. ‘आर १०१’ हे ब्रिटिश हवाईजहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळले आणि ४८ माणसे दगावली, ही इतिहासातील घटना. ते निघाले होते कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. या जहाजावर चोरून चढलेली तरुणी चार्ली. तिला डॉक्टर मृत्यूतून ओढून काढतो, आणि त्यामुळे काळाची वीण उसवते. पुढे त्याच्या देहात काळाच्या विरुद्ध असे एक विष भिनते. आपल्यामुळे विश्वाचा नाश होऊ नये म्हणून तो काळच नसलेल्या दुसऱ्या विश्वात स्वतःला हद्दपार करतो. तत्पूर्वी प्रेमाची कबुली देऊन झालेली आहे. चार्ली मात्र मागे राहत नाही. ती पुन्हा एकदा, न विचारता, वाहनात लपून त्याच्याबरोबर येते.

‘स्केर्त्सो’ येथून सुरू होते, आणि सुरू होते ते भांडणाने. डॉक्टर संतापलेला आहे. आपण दिलेल्या बलिदानाचे मोल हिने शून्य केले, ही त्याची तक्रार. आपल्याकडील भावुक कथा-कादंबऱ्यांत त्यागी प्रियकराला प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. तो दूर निघून जातो आणि वाचकाचे डोळे पाणावतात. शिअरमन त्या प्रियकराला निघून जाऊ देत नाहीत. ज्याच्यासाठी त्याग केला ती व्यक्तीच तो त्याग नाकारते, तेव्हा त्यागात दडलेला अहंकार उघडा पडतो. आपण मरणार असे वाटले म्हणून प्रेमाचे शब्द उच्चारले, आता जगायचे आहे तर त्या शब्दांचे काय करायचे, अशा अडचणीत हा मनुष्य सापडला आहे. शतकानुशतके जगलेल्या या प्रवाशाची भीती येथे अगदी सामान्य माणसाची आहे. हेच कथानक पडद्यावर दाखविले असते, तर नटाच्या देखण्या उदास चेहऱ्याने अर्धे अपराध झाकले असते. ध्वनीत ती सोय नाही. आवाजातील कोतेपणा लपत नाही, आणि मॅकगॅन यांनी तो लपविण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

रचनेतील खरी कल्पकता याच्याशी जोडलेली आहे. या विश्वात दोघांची दृष्टी जाते ती अंधाराने नव्हे, प्रखर पांढऱ्या प्रकाशाने. मग इतर संवेदनाही बोथट होत जातात आणि ऐकणे तेवढे उरते. श्रोता आणि पात्र एकाच पातळीवर येतात. ही युक्ती जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. रिचर्ड ह्यूज यांचे ‘डेंजर’ हे बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केलेले, नभोवाणीसाठीच लिहिलेले आद्य इंग्रजी नाटक. तेही वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यावर घडते. परंतु ह्यूज यांच्या अंधारात आवाजावर विश्वास ठेवता येतो. ‘पुन्हा प्रपंच’मध्येही तसेच होते. बाळ कुडतरकरांचा आवाज आला की टेकाडे भावजी आले, नीलम प्रभू बोलल्या की मीनावहिनी. यात शंकेला जागा नव्हती. ‘स्केर्त्सो’मध्ये ध्वनीपासूनच घडलेला एक जीव या दोघांच्या बोलण्यातून भाषा शिकू लागतो. आवाज म्हणजे माणूस, हे श्रुतिकेचे गृहीतच मोडते. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य कोणीही उच्चारू शकत असेल, तर त्याचा पुरावा कोणता? एकमेकांचे धरलेले हात हळूहळू जुळून एक होतात आणि ते त्यांना उशिरा कळते, हा प्रसंग केवळ भयकथेतील चमत्कार राहत नाही. सोबत आणि बंधन यांतील सीमारेषा पुसली गेल्याचे ते श्राव्य रूप आहे.

उणिवा आहेत. पूर्वीची नाट्ये न ऐकलेल्या श्रोत्याला आरंभीचा संताप अनाकलनीय वाटेल. या स्थळी कोणता प्रयोग चालला आहे याचे स्पष्टीकरण येऊ लागते तेथे ताण सैल होतो. विज्ञानकथेची ती जुनीच सवय. चार्लीच्या वाट्याला प्रश्न अधिक आणि आत्मपरीक्षण कमी आले आहे, असेही वाटते. शीर्षकाचा इटालियन अर्थ थट्टा. संगीतात ही चपळ, खेळकर रचना. एवढ्या कोंदट नाट्याला हे नाव देण्यातील उपरोध मात्र शेवटपर्यंत बोचत राहतो.

ही संहिता मराठीत आणू पाहणाऱ्या लेखकापुढे एक नेमका प्रश्न उभा राहील. इंग्रजीतील एकाच सर्वनामाआड डॉक्टर आणि चार्ली यांना आपले अंतर झाकता येते. मराठीत चार्ली त्याला ‘तुम्ही’ म्हणेल की ‘तू’? वयाने आणि अनुभवाने तो फार मोठा. प्रथम ‘तुम्ही’च येईल. मग ‘तू’ कोणत्या क्षणी? भांडणाच्या भरात, की हात जुळल्याचे उमगल्यावर? आणि तो ध्वनिजीव तिचे बोलणे उचलेल तेव्हा या दोहोंपैकी काय उचलेल? त्याने चुकीच्या क्षणी ‘अहो’ म्हटले, तर एवढ्यावरूनही श्रोत्याला ही चार्ली नव्हे हे कळेल. मूळ नाट्याला ही सोय उपलब्ध नव्हती.