ओरखडा उमटू नये म्हणून

शाळेच्या विज्ञानात भेटलेली कप्पी ओझे उचलायची. दोराची दिशा बदलते, चाके वाढवली की श्रम कमी होतात, एवढे आपण पाठ केलेले असते. अतिउच्च दाबाची तार ओढताना टॉवरच्या हातांना जी कप्पी टांगतात, तिच्याकडे हीच व्याख्या घेऊन गेलो तर हाती काही लागत नाही. साइटवर तिला एरियल रोलर म्हणतात. हा रोलर श्रम वाचवत नाही. उलट प्रत्येक रोलरपाशी थोडी ओढ वायाच जाते. तो आहे तारेच्या अंगावर ओरखडा उमटू नये म्हणून. या एका हेतूतून त्याचा प्रत्येक अवयव कसा घडला, हे पाहण्यातच त्याचा आस्वाद आहे.

आपल्याकडची नेहमीची 400 केव्हीची वाहिनी घेऊ. तिच्या प्रत्येक फेजला ‘मूस’ नावाच्या दोन तारा शेजारी-शेजारी असतात. मूस म्हणजे गाभ्यात पोलादाच्या 7 आणि भोवती ॲल्युमिनियमच्या 54 तारांचा पीळ. एकेक तार 3.53 मिलिमीटरची, सगळ्यांचा मिळून व्यास 31.77 मिलिमीटर. गाभा ताकद देतो, वीज वाहते ती मुख्यतः ॲल्युमिनियममधून. आणि ॲल्युमिनियम मऊ. दगडधोंड्यांवरून फरफटले की खरवडते. खालच्या दाबाला ते खपून जाते, 400 केव्हीला नाही. खरवडून उभ्या राहिलेल्या बारीकशा टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते, भोवतालच्या हवेचा विद्युतरोध तुटतो, तार सुसू लागते, रेडिओत खरखर येते, वीज वाया जाते. हाच कोरोना. म्हणून तार जमिनीला टेकूच द्यायची नाही. एका टोकाला ओढणारा पुलर, दुसऱ्या टोकाला तार मुद्दाम अडवत सोडणारा टेन्शनर, आणि मधल्या प्रत्येक टॉवरवर रोलर.

आता रोलर वाचू. पहिली नजर जाते ती आकारावर. जेमतेम सव्वा इंच जाडीच्या तारेसाठी खाचेच्या तळाशीही अर्ध्या मीटरहून मोठे चाक! ही उधळपट्टी नव्हे. पिळाची तार लहान चाकावरून वळली की आतले पदर एकमेकांवर घासतात, बाहेरचे सुटू पाहतात. शिवाय तीच तार टॉवरमागून टॉवर वाकत आणि सरळ होत पुढे जायची असते. चाक जितके मोठे, तितके ते वाकणे सौम्य.

खाच त्याहून बारकाईने पाहावी. तिची गोलाई तारेच्या गोलाईपेक्षा किंचित मोठी. तंतोतंत असती तर तार चिमटली असती. फारच पसरट असती तर तार एका रेघेवर टेकून दबली असती. खाचेच्या भिंती वर उघडत जातात, कारण तार नेहमी सरळ येईलच असे नाही, आणि तारेतला जोडही याच खाचेतून पार व्हायचा असतो. तळाला निओप्रीनचे किंवा तशाच रबरी पदार्थाचे अस्तर. टॉवरमधले अंतर 400 मीटर आणि मूसचे वजन मीटरला 2 किलो धरले, तर सपाट जमिनीवर दोन तारांचे मिळून सुमारे 1600 किलो एका रोलरवर येतात. एवढा भार पेलायचा आणि खूण सोडायची नाही, ही कसरत त्या अस्तराची.

तरीही मधले चाक बिनअस्तराचे असते. रोलरला चाके तीन. बाजूची दोन तारांसाठी, मधले पायलट वायरसाठी. ही पोलादी दोरी आधी सगळ्या टॉवरांवरून ओवून घेतात आणि तिच्या मागून तारा येतात. पोलादाने अस्तर फाडले असते, म्हणून तिला वेगळी वाट. कोणाला जपायचे आणि कोणाला नाही, हे इथे स्पष्ट ठरलेले आहे.

या रचनेचा उत्कर्षबिंदू येतो तो रनिंग बोर्ड रोलरपाशी पोचतो तेव्हा. पुढे एक दोरी, मागे दोन तारा, आणि त्यांना जोडणारा हा पट्टा. तो उलटू नये म्हणून त्याला मागे जड साखळीचे शेपूट असते. टॉवरवरचा माणूस वॉकीटॉकीवर सांगतो, पुलरचा वेग उतरतो, बोर्ड कप्पीवर चढतो, आणि मधली वाट सोडून दोन्ही तारा आपापल्या खाचेत बसतात. वरातीतली नवरा-नवरी उंबऱ्यापाशी सावरून घ्यावीत, तसे सगळ्यांचे लक्ष त्या काही क्षणांवर खिळलेले असते.

रोलरच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बेअरिंग कितीही चांगले असले तरी घर्षण उरतेच. एका रोलरने 2 टक्के ओढ खाल्ली असे धरले, तर वीस टॉवरांनंतर पुलरला जवळपास दीडपट जोर लावावा लागतो. म्हणून एका दमात किती टॉवर घ्यायचे याला हद्द असते. साधे रबरी अस्तर वीज वाहू देत नाही. शेजारून चालू वाहिनी जात असेल तर नव्या तारेत वीज प्रेरित होते, आणि ती जमिनीत उतरवायला अर्थिंगची वेगळी सोय करावी लागते. तार रोलरवर फार काळ ठेवणेही बरे नाही. वाऱ्याच्या थरथरीने ती टेकलेल्या जागीच झिजू लागते. झोळ ठरला की ती लवकर क्लॅम्पमध्ये घ्यावी लागते.

चंद्रपूरहून पडघ्याला वीज आणणारी ±500 केव्हीची एचव्हीडीसी वाहिनी 752 किलोमीटर लांब आहे. दर 400 मीटरला टॉवर धरला तरी संख्या अठराशेच्या पुढे जाते. अशी वाहिनी चालू होईपर्यंत रोलर उतरून पुढच्या कामाला गेलेले असतात. त्यांचे काम कसे झाले ते त्यांच्याकडे पाहून कळतच नाही. ते तारेवर वाचावे लागते, आणि तिथे काहीच वाचायला मिळू नये यातच त्यांचे यश असते. साधनाची गुणवत्ता आपण एरवी त्याने काय केले यावर मोजतो. या कप्पीला मोजायचे ते तिने काय होऊ दिले नाही यावर.