डोपामिन आणि ओलं लाकूड

मागच्या वेळी आपण अनुमानापाशी थांबलो होतो. आज तेच अनुमान स्किझोफ्रेनियाच्या संशोधनात लावून पाहू.

१९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात देले आणि देनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं. रुग्णांचे भास, संशय ओसरू लागले. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. (आपल्याकडे सेन आणि बोस यांनी सर्पगंधेचा वेडावरचा उपयोग १९३१ मध्येच छापला होता, तिच्यातलं रेसर्पिन डोपामिनचे साठेच रिकामे करतं, हे पुढे कळलं.) १९७०च्या दशकात सीमन आणि स्नायडर यांनी वेगवेगळं दाखवून दिलं, की औषध डोपामिनच्या डी-२ ग्राहकांना जितकं घट्ट चिकटतं, तितकी त्याची मात्रा कमी पुरते. पुरावा देखणा आहे. पण त्यावरून ‘हा आजार म्हणजे डोपामिनचा अतिरेक’ असं म्हणणं ही उडी झाली. ॲस्पिरिननं डोकं थांबतं, म्हणून ॲस्पिरिनच्या कमतरतेनं ते दुखतं असं आपण म्हणतो का?

नैयायिकांकडे यासाठी नेमका शब्द आहे, उपाधी. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, असं नाही. लाकूड ओलं असावं लागतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर कुठे असतो? इथलं ओलं लाकूड कोणतं, हा खरा प्रश्न.

शितिज कपूर यांचा २००३ चा लेख त्याला भिडतो, म्हणून तो आम्हांला मोलाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं: डोपामिन गोष्टींना ‘महत्त्व’ चिकटवतं. ते अवेळी सुटलं, की शेजाऱ्याचं खोकणंही खूण वाटू लागतं आणि माणूस त्या खुणांचा अर्थ लावत बसतो. तो अर्थ म्हणजेच भ्रम. औषध महत्त्वाची धार बोथट करतं, विश्वास पुसत नाही. तो माणसाला स्वतःलाच हळूहळू सोडावा लागतो. रसायन आणि अनुभव यांच्यामधला इतका स्वच्छ पूल आमच्या वाचनात दुसरा नाही.

पण पूल एकाच काठाला पोचतो. लेख सायकोसिसविषयी आहे. वाचकांनी तो सबंध आजाराचा सिद्धान्त करून टाकला. १९८८ मध्ये केन आणि सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न देणारे रुग्ण घेतले. क्लोझापिननं ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिननं ४. आणि क्लोझापिन डी-२ला सैलच चिकटतं! पुढे पेट-स्कॅनमध्ये, अशा दाद न देणाऱ्या रुग्णांत डोपामिनची निर्मिती वाढलेली आढळली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रॉस्पियमला मान्यता मिळाली. ते डी-२ला अडवतच नाही, मस्करिनिक ग्राहकांवर काम करतं. आता यावरून कुणी ‘आजार मस्करिनिक आहे’ म्हणेल, तर तीच उडी पुन्हा.

यात नुसता तर्क पणाला लागलेला नाही. गोळ्यांनी आवाज थांबतात, पण मुलगा अंघोळ करत नाही, बोलत नाही, लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, ‘डोपामिन तर आटोक्यात आलं, मग आता हा आळशीपणाच.’ हा आळशीपणा नव्हे, आजाराचाच भाग आहे. डी-२ अडवणारी औषधं त्याला जेमतेम स्पर्श करतात, आणि जड मात्रेत कधी तो वाढवतातही. म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, तिनं भास आवरतात हे खरंच आहे. मात्र डॉक्टरांकडे जाताना भासांइतकंच या न बोलण्याविषयीही सांगायचं.

कपूरांच्या लेखात या मुलासाठी फारच थोड्या ओळी आहेत.