उत्तर जुळलं, पण पेपर पटला का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला होता. २०१८ साली 'नेचर'मध्ये आलेला, न्यूक्लिऑनच्या अ‍ॅक्सियल कपलिंगचा, म्हणजे 'जी-ए'चा. लॅटिस क्यूसीडीचं उत्तर होतं १.२७१ ± ०.०१३, आणि प्रयोगातलं मूल्य सुमारे १.२७. मी खुशीत म्हणाले, "थिअरी आणि प्रयोग जुळले!" एका सीनियरने विचारलं, "उत्तर तर आधीच माहीत होतं. मग या पेपरने नवीन काय सांगितलं?" मला काही सुचेना. म्हणून हा पेपर आज पुन्हा वाचूया.

जी-ए म्हणजे काय? मोकळा न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटांत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनोत बदलतो. हा बदल किती वेगाने होतो ते बरंचसं या संख्येवर ठरतं. पण न्यूट्रॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑनचा गुंता. तिथे कागद-पेनने समीकरणं सुटत नाहीत, म्हणून अवकाश-काळाची जाळी मांडून सुपरकॉम्प्युटरवर गणित करतात.

खरी गोम पुढे आहे. जाळीवर न्यूक्लिऑन तयार करताना त्यात त्याच्या उत्तेजित अवस्थाही मिसळतात. गणितातला काळ वाढू दिला की ही भेसळ विरत जाते, पण तेवढ्यात नॉइज घातांकी वेगाने वाढतो. थांबलात तर नॉइज, घाई केलीत तर भेसळ. अनेक वर्षं जी-एची बरीच उत्तरं प्रयोगापेक्षा कमी येत होती, त्यामागे ही भेसळ हे एक मोठं कारण मानलं जातं.

या गटाने फाइनमन-हेलमन प्रमेयावर बेतलेली पद्धत वापरली. नॉइज कमी असतो तो सुरुवातीचा काळच घ्यायचा आणि भेसळ फिटमध्ये धरून वेगळी काढायची. जाळीची अंतरं तीन (सुमारे ०.१५, ०.१२ आणि ०.०९ फेम्टोमीटर), पायॉनची वस्तुमानं साधारण ४०० पासून १३० एमईव्हीपर्यंत. मला सगळ्यात आवडलं ते चुकीचं अंदाजपत्रक: सांख्यिकी ०.०१०३, मॉडेलची निवड ०.००५५, पायॉन-वस्तुमानाचं एक्स्ट्रापोलेशन ०.००३९, जाळीचं अंतर आणि आकारमान प्रत्येकी ०.००२ च्या आत. चूक कुठून येते हे इतकं उघड सांगणारे पेपर कमीच.

आता माझे आक्षेप.

पहिला, सुरुवातीच्या काळावर भिस्त म्हणजे फिटवर भिस्त. न्यूक्लिऑन अधिक पायॉन अशा अवस्था ऊर्जेत दाटीवाटीने असतात. दोन-तीन घातांकी पदांचा फिट छान बसला म्हणजे त्या सगळ्या पकडल्या गेल्या असं सिद्ध होत नाही. शिवाय पायॉन जितका हलका तितका नॉइज जास्त. त्यामुळे खऱ्या वस्तुमानाजवळचं गणित सगळ्यात धूसर, आणि अंतिम उत्तराला जड पायॉनच्या गणितांचा टेकू लागतोच.

दुसरा, न्यूट्रॉनच्या आयुष्याचा. बाटलीत न्यूट्रॉन साठवून केलेले प्रयोग सुमारे ८७९ सेकंद देतात, बीमचे सुमारे ८८८. हा पेपर वाचून बऱ्याच जणांना वाटलं, आता हे कोडं सुटणार. तुम्हीच करून बघा. आयुष्य १/(१ + ३ × जी-ए²) च्या प्रमाणात बदलतं. जी-एमध्ये १ टक्का चूक म्हणजे आयुष्यात साधारण १.७ टक्के, म्हणजे जवळपास १५ सेकंद. भांडण आहे ९ सेकंदांचं! निवाडा करायला अचूकता अजून किमान पाचपट वाढवावी लागेल.

मग या पेपरने काय दिलं? माझ्या मते, नवं मूल्य नाही तर पद्धतीची परीक्षा. ज्याचं उत्तर माहीत आहे तिथे पद्धत टिकली, तरच प्रयोगाने मोजायला कठीण गोष्टींवर तिचा भरवसा धरता येईल. आणि त्या गोष्टींसाठी जुळवून बघायला मागे उत्तर नसेल, म्हणून तिथे पहिला आक्षेप जास्त महत्त्वाचा ठरतो.

पुढच्या वेळी पेपर मांडताना मधला आकडा शेवटी सांगा. आधी ± च्या पुढचा आकडा कशाकशाने बनलाय ते फळ्यावर लिहा. मी त्या दिवशी ते केलं असतं, तर सीनियरचा प्रश्न मीच विचारला असता.