अनुकरण : जन्मजात की अनुभवजन्य? नरवानर गणातील शिशूंच्या मेंदूविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :

बालक अनुकरणातून शिकते, हे विधान शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या अध्यापनात इतके रुळलेले आहे की त्यासाठी पुरावा देण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. 1990 च्या दशकापासून या विधानास मेंदूविज्ञानाचा आधार दिला जाऊ लागला. स्वतः कृती करताना व दुसऱ्याची तीच कृती पाहताना सक्रिय होणाऱ्या चेतापेशी मेंदूत असतात. त्यांना 'मिरर न्यूरॉन' अर्थात आरसा-चेतापेशी असे म्हणतात. या पेशींमुळे अनुकरणाची क्षमता जन्मतःच असते, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. हा निष्कर्ष उपलब्ध पुराव्यांच्या कसोटीस कितपत उतरतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोध आणि त्याची मर्यादा :

इटलीतील पार्मा विद्यापीठात ज्याकोमो रिझोलाती व त्यांच्या सहकाऱ्यांनी मकाक माकडांच्या मेंदूतील, हालचालींचे नियोजन करणाऱ्या 'एफ-5' या भागाचा अभ्यास केला. माकडाने स्वतः वस्तू उचलली असता तेथील ज्या चेतापेशी सक्रिय होत, त्यांपैकी काही प्रयोगकर्त्याने वस्तू उचललेली पाहूनही सक्रिय होत असल्याचे त्यांना आढळले. हे निरीक्षण 1992 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1996 मध्ये या पेशींना 'मिरर न्यूरॉन' हे नाव मिळाले.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. ही माकडे वाढ झालेली होती. आपला हात वस्तूकडे जाताना त्यांनी असंख्य वेळा पाहिलेला होता. त्यामुळे कृती आणि कृतीचे दर्शन यांची सांगड मेंदूत असते, एवढेच या शोधाने दाखविले. ती सांगड केव्हा व कशी बसते, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते शिशूंच्या अभ्यासातूनच मिळू शकते.

हाताचा पुरावा :

या संदर्भात रिचर्ड हेल्ड व जोसेफ बाउअर यांचा 1967 मधील प्रयोग महत्त्वाचा आहे. तो आरसा-चेतापेशींच्या शोधापूर्वीचा असल्याने या चर्चेत बहुधा दुर्लक्षित राहतो. मकाक माकडाच्या पिलांना जन्मापासून स्वतःचे हातपाय दिसणार नाहीत अशा रचनेत वाढविण्यात आले. 35 व्या दिवशी एक हात दृष्टीसमोर आणला असता पिले त्या हाताकडे दीर्घकाळ पाहत राहिली. पाहून वस्तू पकडण्याची त्यांची क्रिया सदोष होती. त्यानंतरच्या दहा तासांच्या अनुभवात ती सुधारली. मात्र या सुधारणेचा लाभ तोवर न दिसलेल्या दुसऱ्या हाताला फारसा झाला नाही.

दृष्टी व हाताची हालचाल यांची सांगड अनुभवातून, आणि तीही त्या त्या हातापुरती बसते, असा याचा अर्थ होतो. मानवी शिशूंविषयी जेसिका समरव्हिल, अमांडा वुडवर्ड व एमी नीडहॅम यांनी 2005 मध्ये केलेला अभ्यास याच दिशेने जातो. तीन महिन्यांच्या बालकांना वस्तू चिकटतील असे हातमोजे घालून ती उचलण्याचा अनुभव आधी दिला असता, दुसऱ्याच्या कृतीचा रोख कोणत्या वस्तूकडे आहे हे त्यांच्या लक्षात येऊ लागले. आधी केवळ पाहण्याची संधी मिळालेल्या बालकांत हा परिणाम दिसला नाही.

चेहऱ्याचा प्रश्न :

हात स्वतःला दिसतो, चेहरा दिसत नाही. म्हणूनच नवजात शिशू चेहऱ्याच्या हालचालींचे अनुकरण करते, हा दावा जन्मजातवादाचा मुख्य आधार ठरला. अँड्र्यू मेल्टझॉफ व कीथ मूर यांनी 1977 मध्ये 12 ते 21 दिवसांच्या मानवी शिशूंबाबत हा दावा मांडला. पिएर फ्रान्चेस्को फेरारी व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 21 ऱ्हीसस माकडांच्या पिलांवरील अभ्यासात ओठांची उघडझाप व जीभ बाहेर काढणे या क्रियांचे अनुकरण नोंदविले. ते जन्मानंतरच्या मोजक्या दिवसांतच, विशेषतः तिसऱ्या दिवशी दिसले. 2012 मध्ये याच गटाने पहिल्या आठवड्यातील पिलांच्या ईईजी नोंदी प्रसिद्ध केल्या. चेहऱ्याची हालचाल करताना आणि ती पाहताना, दोन्ही वेळी सेकंदाला सुमारे 5-6 आवर्तनांच्या पट्ट्यातील मेंदूची लय मंदावत होती.

हे निष्कर्ष मोलाचे असले तरी त्यांवर दोन आक्षेप संभवतात. पहिला म्हणजे, ईईजी कवटीच्या बाहेरून असंख्य पेशींचा एकत्रित विद्युत्-व्यवहार नोंदविते. त्यावरून विशिष्ट आरसा-चेतापेशींचे अस्तित्व थेट सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही पिले 'अनुकरण करणारी' व काही 'न करणारी' अशी विभागणी या परंपरेतील अभ्यासांत केली जाते. जोनाथन रेडशॉ यांनी 2019 मध्ये पूर्वीच्या आधारसामग्रीचे पुनर्विश्लेषण केले. ऱ्हीसस पिलांत अनुकरणाचा पुरावा त्यातून आढळत नाही, असे त्यांचे मत आहे. योगायोगाने काही पिलांची नोंद सरासरीहून अधिक येणे अपरिहार्य असते. तेवढ्यावरून त्यांना अनुकरणक्षम ठरविता येत नाही.

मानवी शिशूंबाबतही स्थिती वेगळी नाही. यानीन ओस्टेनब्रूक व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 106 बालकांना चार वेगवेगळ्या वयांत 11 कृती दाखविल्या. त्यांत अनुकरणाचा पुरावा मिळाला नाही. मेल्टझॉफ व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याच सामग्रीच्या पुनर्विश्लेषणाद्वारे हा निष्कर्ष अमान्य केला. पुढे 2021 मधील 336 परिणाम-मूल्यांच्या एकत्रित विश्लेषणात सरासरी परिणाम अनुकरणाच्या बाजूने आला. परंतु तो संशोधकांच्या गटानुसार बदलत होता. प्रयोगशाळा बदलल्याने निष्कर्ष बदलत असेल, तर तो पाठ्यपुस्तकात निर्विवाद सत्य म्हणून देणे योग्य ठरत नाही.

मातेची भूमिका :

सेसिलिया हेज यांनी याला साहचर्याधारित अध्ययनाचा पर्याय मांडला आहे. कृती करणे व ती दिसणे हे वारंवार एकत्र घडल्याने मेंदूत दुवा तयार होतो, अशी त्यांची भूमिका आहे. मग चेहऱ्याचे काय? त्याचे उत्तर मातेच्या वर्तनात सापडू शकते. फेरारी व सहकाऱ्यांनीच 2009 मध्ये नोंदविले आहे की ऱ्हीसस माता नवजात पिलाच्या नजरेस नजर देते, त्याचा चेहरा आपल्याकडे वळविते आणि ओठांची उघडझाप करते. पिलूही तिला प्रतिसाद देते. माता येथे आरशाचे कार्य करते. 2015 मधील एका अभ्यासात मातेजवळ वाढलेल्या पिलांत ओठांची उघडझाप पाहताना मेंदूचा प्रतिसाद मातेविना वाढविलेल्या पिलांपेक्षा अधिक आढळला.

तथापि हा पुरावाही निर्णायक नाही. मातेपासून दूर वाढलेले पिलू स्पर्श, ऊब व आहार यांबाबतही वेगळ्या स्थितीत असते. त्यामुळे फरकाचे कारण केवळ चेहऱ्याचा अनुभव आहे असे म्हणता येत नाही. शिवाय पहिल्या आठवड्यातच फरक दिसत असेल, तर चेहऱ्याकडे ओढले जाण्याची काही जन्मजात प्रवृत्ती मान्य करावी लागते. केवळ साहचर्याने सर्व उलगडा होतो, हा दावाही म्हणून एकांगी ठरतो.

निष्कर्ष :

'जन्मजात की अनुभवजन्य' हा प्रश्न संपूर्ण मेंदूविषयी एकदमच विचारणे, ही या वादातील मूलभूत त्रुटी आहे. हाताबाबत अनुभवाची आवश्यकता पुष्कळशी स्पष्ट आहे. चेहऱ्याबाबत जन्मजात ओढ आणि मातेचा प्रतिसाद या दोहोंचा वाटा संभवतो; त्यांचे प्रमाण अनिर्णित आहे.

या वादाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाहीत. आरसा-चेतापेशींतील दोषामुळे स्वमग्नता उद्भवते, अशी 'भंगलेला आरसा' ही उपपत्ती एकेकाळी विशेष गाजली. तिला पुढे पुरेसा आधार मिळाला नाही. परंतु तोवर ती पालक व शिक्षकांपर्यंत पोहोचली होती. क्षमता जन्मजात मानली की तिच्या अभावाला दोष ठरविले जाते आणि मूल पारखले जाते. ती नात्यातून व कृतीतून घडते असे मानल्यास लक्ष मुलाला मिळणाऱ्या संधीकडे वळते. मात्र तेथेही सावधगिरी हवी. अन्यथा दोष मुलाऐवजी मातेच्या माथी मारला जाईल. म्हणून अध्यापकाने वर्गात आरसा-चेतापेशींचा उल्लेख करताना त्यांच्या शोधासोबत हा अपूर्ण राहिलेला वादही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे.